शटरला गोधडी

सगुणा सकाळी आमच्या गॅरेजात आली की चपला काढायच्याही आधी शटरला गाल लावायची. खरंच गाल! आधी उजवा, मग डावा, मग खाली वाकून तळाच्या फटीशी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, ही शटरच्या पाया पडतेय की काय. विचारलं तर म्हणाली, "हाताला काय कळतंय बाय? हात काम करून मेलेत. हिव कुठून येतंय ते गालाला इचारायचं."

हेंद्रेपाड्यात आमच्या बिल्डिंगखाली बाबांनी हौसेने गॅरेज घेतलं होतं. गाडी काही आली नाही, आईचं इडलीच्या पिठाचं दुकान आलं. बदलापूरची थंडी बाहेरच्यांना खोटी वाटते, ठाण्याचे नातेवाईक तर चक्क हसतात. पण नदीकडून वारं सुटलं की आमचं लोखंडी शटर असं गार पडतं की हात लावला तर झोप उडेल. आत पीठ थिजतं, फुगतच नाही. न फुगलेल्या पिठाच्या इडल्या दगडासारख्या होतात आणि मग गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. आधीच्या हिवाळ्यात निम्मी गिऱ्हाइकं अशीच गेली होती. त्यामुळे आईने दिवाळीतच जाहीर केलं होतं, "ह्या थंडीत जमलं तर जमलं, नाहीतर मी बंद करणार."

आणि ते वाचवणारी मी असणार होते. इंटिरियरचा डिप्लोमा करणारी, एकुलती एक मुलगी. दुसरं कोण वाचवणार?

सगुणा कोण होती तर बारवीकडच्या पाड्यावरून येणारी, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. आधी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात धागे कापायची, मग आईकडे वाटणाला आली. आणि दोन वर्षांत आईचं एकच वाक्य होऊन बसलं: "सगुणाला विचार." मेथी किती टाकू? सगुणाला विचार. मीठ आत्ता की नंतर? सगुणाला विचार. एकदा मी नवीन ड्रेस घालून आले, कसा दिसतोय म्हटलं, तर आई डब्यातून मान वर न काढता म्हणाली, "सगुणाला विचार." शप्पथ! मी तिला ताई म्हणायचे नाही. मुद्दाम.

ती पिठाशी बोलायची, तेही मला सहन व्हायचं नाही. झाकण उघडून म्हणायची, "काय रं, रुसलास? हिव भरलं व्हय तुला?" आणि आई हसायची. माझ्या कुठल्याच जोकवर आई तशी हसत नाही.

तर माझा प्लॅन. मी व्हिडिओ बघितले, चिक्कार बघितले. बर्फाळ देशातला एक दाढीवाला माणूस गॅरेजच्या दाराला आतून थर्माकोल आणि चंदेरी शीट चिकटवतो आणि टी-शर्टवर फिरतो. बाहेर गुडघाभर बर्फ! मी म्हटलं, त्याच्याकडे चालतंय तर बदलापूर काय चीज आहे. कॅम्प तीनमधून सामान आणलं, शेअर रिक्षात मांडीवर उभं धरून. रविवारभर बसून शटरची एकेक पट्टी झाकली. काय चमकत होतं गॅरेज! सगुणा म्हणाली, "बाय, हे वर कसं जानार?" मी म्हटलं, "तुला नाही कळणार."

सोमवारी सकाळी आईने शटर उचललं. अर्ध्यावर कर्र असा आवाज आला आणि वरून थर्माकोलचा नुसता पाऊस. आईच्या केसांत, तांदळात, पिठाच्या उघड्या डब्यांत. शटर वरही जाईना, खालीही येईना. त्या दाढीवाल्याचं दार सरळ वर सरकून छताखाली आडवं होतं हो! आमचं शटर गुंडाळतं. एवढी साधी गोष्ट डिप्लोमावालीला दिसली नाही. चार डबे फेकून द्यावे लागले. बाहेर पीठ घ्यायला आलेल्या बायका वाकून आत बघत होत्या. एकीने विचारलं, हे काय झालं? सगुणा अर्ध्या शटरखालून सरपटत आत आली आणि म्हणाली, "कायबी नाय. बाय शिकलेली हाय, शटर शिकलेलं नाय."

सगळ्या हसल्या. आईसुद्धा.

पुढच्या आठवड्यात सगुणा जुन्या कारखान्यातून जीन्सच्या कातरणाची दोन पोती घेऊन आली. दुपारी वाटण उरकलं की तिथेच पाय पसरून टाके घालत बसायची. शटरएवढी गोधडी शिवली तिने. वरच्या काठाला पँटींचे कमरपट्टे जोडले, त्यांच्या बेल्ट अडकवायच्या पट्ट्यांतून पाइप ओवला आणि गोधडी शटरच्या आत पडद्यासारखी टांगली. तळाला वाळू भरलेली लांब पिशवी. शटर उघडलं की पडदा बाजूला सरकवायचा, झालं. शटरला कुठे काही चिकटवलंच नव्हतं.

पहिल्या सकाळी मी आईच्याही आधी खाली गेले. डब्यासमोर उभी राहून मी मनात म्हटलं, नको फुगूस. आईचं दुकान बंद पडलं असतं, तरी मी तेच म्हटलं. आणि बघते तर झाकण उचलून पीठ काठावर आलेलं!

गिऱ्हाइकं परतली. आईने सगुणाला स्वतःची शाल दिली, ती निळी, जी मी दोनदा मागितली होती. मग खरवईच्या एका वास्तुशांतीची मोठी ऑर्डर आली आणि आई सगळ्यांना सांगत सुटली, "ही सगुणाची कमाल."

ऑर्डरच्या आदल्या संध्याकाळी सगुणा सगळं बंद करून गेल्यावर मी किल्ली घेऊन खाली गेले आणि पडदा एका बाजूने हातभर सरकवून ठेवला. फक्त हातभर. वाळूची पिशवीही पायाने ढकलली.

सकाळी पीठ जसंच्या तसं होतं. आईने खरवईवाल्यांना फोन करून ऑर्डर जमणार नाही म्हणून सांगितलं. फोन ठेवून ती म्हणाली, "पडदा कोणी उघडा ठेवला?" सगुणाने माझ्याकडे बघितलं. वाट बघितली. मी डबा पुसत राहिले. मग आई तिला म्हणाली, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, सगुणा."

नंतर नळावर डबे घासताना ती हळूच म्हणाली, "बाय, मी तुजं नाव नाय घेतलं. पन माजंबी घेनार नाय. तू सांग."

"आणि नाही सांगितलं तर?"

"हिव हाय तवर थांबते."

मी रोज ठरवायचे आज सांगते, आणि रोज आई तिच्याशी जरा तुटक बोलली की मला आतून गोड वाटायचं. फेब्रुवारी संपला. एका दुपारी सगुणाने पडदा उतरवला, घडी घातली, शाल त्यावर ठेवली आणि आईला म्हणाली, "मावशी, उद्यापासनं नाय येत."

आईने कारण विचारलं नाही. त्या संध्याकाळी मी सांगितलं. सगळं, हातभर पडद्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून आईने मला बरोबर घेतलं. पाड्यापर्यंत रिक्षा जात नाही. गुडघे धरून, दर दहा पावलांवर थांबत आई ती चढण चढली.

सगुणा अंगणात गोधडी शिवत होती. आई म्हणाली, "माझं चुकलं गं." सगुणा म्हणाली, "बसा मावशी, आधी पानी प्या." परत येशील का विचारल्यावर तिने नाही म्हणून मान हलवली. "आता नाय. तुमच्या शेजारच्या गाळेवाल्यांनी पडदे सांगितलेत, त्येच शिवते." आईने तिचा हात धरला आणि रडली. सगुणा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "उशीर केलास बाय."

उतरताना आई माझा हात बाजूला सारून एकटीच पुढे चालत होती. मला लाज वाटत होती, खूप. पण खरं सांगते, तेव्हाही मला सगुणाचा हेवाच वाटत होता. दुखऱ्या गुडघ्यांनी आई जिच्यासाठी एवढी चढण चढली, ती मी नव्हते.