टिकलीखाली दोन बोटं

धरमसिंग राठोड प्लंबर कुणाच्या घरी गेला की चहा घेत नाही, पाणी घेत नाही. दारातूनच विचारतो, "मेन कॉक कुठं हाय तुमचा?" आमच्या कारंजात दहातल्या नऊ घरांना हे सांगता येत नाही. मलाही आलं नव्हतं. एकतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं, पाण्याचे गुणधर्म फळ्यावर लिहून लिहून हात दुखले, पण स्वतःच्या घरातलं पाणी कुठून बंद करायचं ते ठाऊक नव्हतं. "शिकेल-सवरेल मानसाईचं असंच अस्ते, बाई," तो म्हणाला. मला राग आला. तसा मला तो लवकरच येतो.

त्या दिवशी त्याला मी बोलावलं नव्हतं. शेजारच्या सीताबाईनं बोलावलं होतं, तेही त्यानंच बांधलेलं बाथरूम फोडायला. आणि ते मी फोडायला लावलं होतं.

सीताबाई आणि तिचा नवरा चंपतभाऊ बावीस वर्षांचे माझे शेजारी. गावाबाहेर त्यांचा भाजीचा मळा. मधली भिंत दोन्ही घरांची मिळून एकच. चंपतभाऊ घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्यांना उकिडवं बसता येईना. म्हणून गेल्या उन्हाळ्यात धरमसिंगनं त्यांना त्या भिंतीला लागून कमोडचं बाथरूम करून दिलं. दसऱ्यापासून माझ्या बाजूला ओल यायला लागली. आता यात विचार करण्यासारखं काय होतं? मी सीताबाईला तिच्याच दारात सुनावलं, "बाथरूम फोडा, नाहीतर नगरपरिषदेत अर्ज देते." त्यानंतर आमचं बोलणं बंद. पहाटे साडेपाचला भिंतीपलीकडे फ्लशचा आवाज आला की माझं डोकं उठायचं. मग एक दिवस तो आवाज थांबला. माझ्या धाकानं बादलीनं पाणी टाकत असतील, असं मी धरून चालले. खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटलं.

महिनाभरानं धरमसिंग हातोडा घेऊन आला आणि फोडायचं सोडून माझ्या दारात उभा राहिला. "आंधी फोडाचं नस्ते बाई, आंधी पाहाचं अस्ते."

धरमसिंग मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचा. लहानपणी आईबापांसोबत ऊसतोडीला जायचा. पुढं पुण्यात इमारतीच्या कामावर लागला, पाईप वाहता वाहता पाईप जोडायला शिकला. इथं येऊन त्याला बारा वर्षं झाली. काम कमी आणि बोलणी जास्त, अशी त्याची ख्याती. नळ आले की आवाज यावा म्हणून आमच्याकडे सगळे तोट्या उघड्या ठेवतात आणि तशाच ठेवून लग्नालाही जातात. परत येतात तेव्हा पिठाचा डबा घरभर पोहत असतो. अशा घरी धरमसिंग आधी झापतो आणि मग पाना काढतो. एका घरी तर मेन कॉकच्या जागी बाण काढून, घरातल्या सगळ्यांना रांगेनं तो फिरवायला लावला होता म्हणे.

त्यानं सीताबाईला टिकल्यांचं पाकीट आणायला सांगितलं. मी म्हटलं, माझ्याकडे आहेत. तर म्हणतो, "दोन्ही एकाच पाकिटातल्या पायजे. मंग कोनी म्हननार नाई का मापात फरक होता." दोन्ही गच्च्यांवर चढून त्यानं दोन्ही टाक्या आतून खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसल्या, पाण्याच्या रेघेवर एकेक लाल टिकली लावली, टाकीत येणारं पाणी बंद केलं आणि खाली येऊन बजावलं, "दोन्ही घरात उद्या सकायपर्यंत एक बी तोटी उघडाची नाई. बादल्या भरून ठेवा. जिची टिकली कोरडी पडंल तिचं पानी भितीत चाललं."

सकाळी आम्ही दोघी आपापल्या गच्चीवर उभ्या होतो, तोंडं दोन दिशांना. धरमसिंगनं आधी सीताबाईच्या टाकीत डोकावलं. टिकली पाण्याला टेकलेली. मग माझ्या टाकीत हात घातला आणि मला बोलावलं. टिकली होती तिथंच होती, पाणी तिच्याखाली दोन बोटं उतरलं होतं.

"झाकण नीट नसेल," मी म्हटलं. "उन्हानं आटलं असेल."

"राती कोनतं ऊन पडलं, बाई?"

तो खाली माझ्या बैठकीत आला. ओल जिथून सुरू होत होती, तिथून वीतभर वर माझं गौरवपत्र टांगलेलं होतं, निवृत्तीच्या दिवशी शाळेनं दिलेलं, सोनेरी चौकटीतलं. त्यानं ते दोन्ही हातांनी अदबीनं उतरवलं. मागचा गिलावा फुगला होता आणि मधोमध एक गंजका खिळा.

"हा खिळा कोनं ठोकला?"

मीच ठोकला होता. गेल्याच उन्हाळ्यात. सुताराची वाट बघायचा मला धीर कुठला! माझ्याच टाकीतून स्वयंपाकघरात उतरणारा पाईप नेमका तिथून गेला होता. खिळ्यानंच भोक बुजवून धरलं, खिळा गंजला तसं पाणी पाझरायला लागलं. बाथरूम आणि खिळा एकाच उन्हाळ्यातले, पण मला त्यातलं एकच आठवत होतं.

धरमसिंग हळूच म्हणाला, "सीतामायले तुमी सांगता का मी सांगू?"

मी गेले. बावीस वर्षांत त्या उंबऱ्यावर माझा पाय कधी अडखळला नव्हता. सगळं सांगितलं, खिळ्यासकट. तोंड भरून शिव्या मिळतील या तयारीनं मी उभी होते. सीताबाईनं आत चंपतभाऊंकडे मान वळवून एवढंच विचारलं, "मंग यायले आता बाथरूमात नेऊ ना?"

मला कळेना. मग ती म्हणाली, "तुमची ओली भीत वायली पायजे म्हनून महिन्यापासून थे बंदच ठेवलं, बाई. मी यायले धरून मांगच्या जुन्या संडासात नेतो. लय दुखते त्यायले, पन काय करता."

आत खाटेवर चंपतभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाऊ द्या. पानी कोनाले दिसते?"

महिनाभर तिकडे थेंब पडला नव्हता आणि माझी भिंत ओलीच होती. उत्तर माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी अर्जाचा मसुदा लिहीत बसले होते. मला स्वतःची लाज वाटली, अजून वाटते.

धरमसिंगनं पाईप बदलला. नव्या गिलाव्यावर छतापासून खालपर्यंत पेन्सिलनं रेघ ओढली आणि म्हणाला, "हिच्यावर ठोकाचं नाई." ती रेघ मी रंगाऱ्याला पुसू दिली नाही. गौरवपत्र कपाटात आहे.

पहाटे साडेपाचला भिंतीपलीकडे फ्लशचा आवाज येतो. कधी पावणेसहा झाले तरी आला नाही, तर मी उठून सीताबाईचं दार वाजवते.