म्हातारबाचं पडणं

काकूंनी संध्याकाळी म्हातारबाला आडवं केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं.

म्हातारबा म्हणजे वीतभर उंचीचा बाहुला. आत तारेचा सांगाडा, त्यावर फोम, आणि वर काकूंनी स्वतः शिवलेला सदरा नि विजार. डोकं हलक्या लाकडाचं. तोंडं मात्र सुटी, मेणानं चिकटवायची आणि काढायची : एक मिटलेलं, एक अर्धवट उघडं, एक चांगलं आ वासलेलं. तळपायात स्क्रू. टेबलाखालून तो पिळला की म्हातारबा एका पायावरसुद्धा ताठ उभा राहतो. असा उभा करायचा, फोटो काढायचा, केसभर हलवायचा, पुन्हा फोटो. असे बारा फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद होतो. दात कोरून पोट भरत नाही असं शहाणी माणसं सांगतात. पण ज्यांना बाहुल्यांचे सिनेमे करायचे असतात त्यांना दात कोरण्यावाचून गत्यंतर नसतं.

त्या संध्याकाळी म्हातारबा खुर्चीतून उठून अर्ध्या खोलीपर्यंत आला होता आणि त्याचा एक पाय हवेत होता. भिंगरी घरी गेली होती, कुलूप लावायची पाळी काकूंची. त्यांनी दिवे बंद केले, दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. बिचारा दिवसभर एका पायावर उभा, आता रात्रभर कसा उभा राहील, असं त्यांच्या मनात आलं. मनात आलं ते आलं, वर त्यांनी ते केलंही. पर्समधला चष्म्याचा बारका पेचकस काढला, स्क्रू सैल केले, म्हातारबाला कापसावर निजवलं, हात नीट छातीवर ठेवले. अंगावर रुमालही घातला.

सकाळी भिंगरीनं ते पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. कारण एकदा हलवलेला बाहुला पुन्हा अगदी तस्सा उभा करणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमत नाही. कॉम्प्युटरवर आधीचा फोटो पुसट दिसतो, त्यावर जुळवून पाहता येतं. तसं दोघींनी तासभर पाहिलंही. पण पडद्यावर चालवलं की म्हातारबा मधेच विंचू चावल्यासारखा उडायचा. खुर्चीपासूनची सगळी चाल पुन्हा करायला हवी होती, आणि सिनेमा परीक्षकांसमोर ठेवायची तारीख दारात येऊन उभी होती.

काकू काही अडाणी नव्हत्या. बरीच वर्षं त्यांनी चष्म्याच्या दुकानात काचा बसवण्याचं काम केलं होतं. बारीक कामाची त्यांना सवय होती, गोडीही होती. नवरा गेल्यावर त्या घरात नुसत्या बसून राहायला लागल्या, तेव्हा दुसऱ्या शहरातल्या मुलानं फोनवरून टुमणं लावलं, "आई, काहीतरी शीक." बाहुल्या करायला शिकवतात असं कळलं म्हणून त्या चौकशीला गेल्या. दुपारच्या वेळी चार बायका बसून कापडाच्या बाहुल्या शिवत असतील, अशी त्यांची समजूत. प्रत्यक्षात तो दोन वर्षांचा अभ्यासक्रम निघाला. वर्गात सगळी पोरासोरांची भरती, आणि शेवटी प्रत्येक जोडीनं एक सिनेमा करायचा. काकू पळून आल्या असत्या, पण फी भरून झाली होती. फुकट घालवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

जोडीला मिळाली भिंगरी. तिचं हे नाव वर्गानं ठेवलेलं. एका जागी बसेल तर शपथ. अशा मुलीनं केसभर-केसभर सरकण्याची ही कला का निवडली, हे तिच्या आईलाही कोडं होतं. पण दोघींचं जमलं. काकू बाहुला हलवायच्या, भिंगरी कॅमेऱ्यामागे. फोटोत कुणाचा हात येऊ नये म्हणून त्यांची एक रीत ठरलेली. भिंगरी विचारायची, "हात?" काकू हात मागे घेऊन म्हणायच्या, "बाहेर." मग खटका. खिडकी नसलेल्या त्या खोलीत काळे पडदे लावून दिवसभर एवढंच चालायचं. दुसरं बोलणं जवळजवळ नाहीच.

गोष्ट भिंगरीनं लिहिली होती. एकटा म्हातारा, दाराची घंटा वाजते, तो उठतो, दारापर्यंत जातो, दार उघडतो. सरांनी वाचून विचारलं, "पोचला तर मग गोष्ट कसली?" म्हणून भिंगरीनं गोष्ट बदलली : म्हातारा वाटेत पडतो, आणि घंटा वाजवणारं माणूस थोडा वेळ थांबून निघून जातं. काकूंनी ते ऐकलं आणि फक्त मान हलवली. मान हलवण्याचे फार अर्थ असतात, पण भिंगरीला ते वाचायला वेळ नव्हता.

तर आता त्या सकाळी भिंगरी तोंड फुगवून लेन्स पुसत बसली होती. लेन्स स्वच्छच होती. शेवटी तिला राहवेना.

"एक विचारू काकू? तुम्हाला त्याला पाडायचंच नाहीये ना? पुढचा शॉट पडण्याचा होता. म्हणून निजवलंत त्याला."

काकू चटकन "छे" म्हणणार होत्या. पण त्यांनी स्वतःलाच विचारून पाहिलं, आणि "छे" काही तोंडातून बाहेर येईना. त्या स्टुलावर बसल्या.

"आमचे हे असेच पडले होते," त्या म्हणाल्या. "घरात. खुर्चीतून उठून येत होते."

मग त्यांनी सांगितलं. फार नाही, चार वाक्यांत. त्या स्वयंपाकघरात होत्या, मिक्सर चालू होता. मिक्सरच्या घरघरीतही धप्प आवाज आला तशा त्या धावल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यानंतर ते उठले नाहीत, पावसाळा संपता संपता गेले. पडण्याबद्दल विचारलं की म्हणायचे, काही आठवत नाही.

"मग तुमची काय चूक त्यात?" भिंगरीनं विचारलं.

"माझ्या नणंदबाई भेटायला आल्या होत्या. यांच्या उशाशी बसून म्हणाल्या, 'हाक मारली असेल गं त्यानं.' एवढंच. वाईट नव्हतं त्यांच्या मनात." काकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पण मारली असेल ना? तोल जायला लागला की माणूस हाक मारतोच. आणि मी ती मिक्सरमुळे ऐकली नाही."

नणंदबाईंचं ते एक वाक्य काकूंच्या घरात ठाण मांडून बसलं होतं. नवरा गेला, ते गेलं नाही. काकूंनी मनातल्या मनात ते पडणं इतक्या वेळा पाहिलं होतं, की त्याला आता भलतीच लांबी आली होती. हे खुर्चीतून उठतात. दोन पावलं टाकतात. डगमगतात. भिंत धरायला जातात, ती हाताला लागत नाही. काकूंच्या नावानं हाक मारतात. वाट पाहतात. पुन्हा हाक मारतात. तिकडे मिक्सर चालूच. मग कुठे ते पडतात. हे सगळं घडलं होतं असं काकूंना कुणी सांगितलेलं नव्हतं, पण त्यांची पक्की खात्री होती. माणसाला स्वतःला दोषी धरायचं असलं की त्याला साक्षीदार लागत नाही.

भिंगरीनं लेन्स बाजूला ठेवली. मग म्हणाली, "आपण जुनी गोष्टच करू. पोचू दे त्याला दारापर्यंत. सरांना काय सांगायचं ते मी सांगते."

पोरगी जिभेची तिखट, पण मनानं साखर. काकूंना तिचं बोलणं ऐकून फार बरं वाटलं. त्या लगेच हो म्हणाल्या असत्या तर गोष्ट इथंच संपली असती आणि सिनेमाही चार दिवस आधी झाला असता. पण घरी जाऊन त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. समोर खुर्ची होती, ती अजून तिथंच होती. आपण त्याला दारापर्यंत पोचवू, लोक टाळ्या वाजवतील, आणि आपण घरी येऊन पुन्हा याच दारात उभ्या राहू, हे त्यांना लख्ख दिसलं.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "पाडू या. मीच पाडते. तेव्हा मी बघितलं नाही, आता बघू दे."

चाल पुन्हा करण्यात दिवस गेले, ते काही सांगण्यासारखे नाहीत. मग पडण्याचा दिवस आला. आधी माणूस पडतो कसा हे नीट पाहायला हवं. त्यासाठी जमिनीवर गादी टाकून भिंगरी पडून दाखवणार आणि काकू ते मोबाइलवर घेणार, असं ठरलं. भिंगरी पडली. काकूंनी मोबाइल टाकून तिला धरलं.

"काकू! धरायचं नाहीये!"

"हो गं, हो. चुकून गेला हात."

दुसऱ्या वेळीही हात गेला. तिसऱ्या वेळी मोबाइल खुर्चीवर टेकवून ठेवावा लागला आणि काकूंना दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं राहायला सांगितलं. तेव्हा कुठे भिंगरी सुखरूप पडली. दोघी हसून हसून बेजार झाल्या. भिंगरीचा गुडघा गादीबाहेर जाऊन खरचटला होता तरी ती हसतच होती.

टेबलापाशी मात्र हसू आलं नाही. पडणाऱ्या बाहुल्याचे पाय जमिनीवर टिकत नाहीत, म्हणून पाठीमागून एक जाड तार लावून त्याला हवेत तोलून धरायचं, आणि ती तार नंतर कॉम्प्युटरवर पुसून टाकायची. मोबाइलवरचं भिंगरीचं पडणं थांबवत-थांबवत बघून काकूंनी म्हातारबाचा डावा गुडघा किंचित वाकवला. सदऱ्याची घडी जागच्या जागी बसवली.

"हात?"

काकूंचा हात म्हातारबाच्या खांद्याखालीच होता. त्यांनी तो काढला. "बाहेर."

खटका.

पुन्हा थोडा वाकवला. कंबर पुढे. एक हात भिंतीकडे. "हात?" "बाहेर." प्रत्येक वेळी त्याला आणखी थोडं पाडायचं आणि तशा अधांतरी अवस्थेत सोडून मागे व्हायचं. काकूंच्या कपाळावर घाम आला. दिव्यांचा उकाडा होताच, पण घाम नुसता उकाड्याचा नव्हता. एकदा त्यांनी "बाहेर" म्हटलं आणि हात तिथंच राहिला. भिंगरीनं खटका दाबला नाही. नुसती वाट पाहत राहिली. मग हात बाहेर आला.

मध्यावर भिंगरीनं विचारलं, "तोंड कुठलं लावू? आ वासलेलं? मागाहून आवाज घालू. हाक मारेल ना तो?"

"मारेल," काकू म्हणाल्या. "लाव."

त्यांनी स्वतःच्या हातानं मिटलेलं तोंड काढलं, अर्धवट उघडं लावलं, मग आ वासलेलं लावलं. हाकेचा तोंडावर ताण येतो तसा मानेला बाक दिला. त्या एका हाकेवर त्यांचा दुपारचा मोठा भाग गेला. मग म्हातारबाचा खांदा जमिनीला टेकला, मग डोकं. काकू सरळ झाल्या तेव्हा त्यांची पाठ भरून आली होती. सकाळपासून दोघींनी एक माणूस पाडला होता.

"बघू या?" भिंगरीनं विचारलं.

काकूंनी खुर्ची ओढली, पदर सारखा केला आणि मन घट्ट करून पडद्यासमोर बसल्या. भिंगरीनं बटण दाबलं.

म्हातारबा उभा होता. मग म्हातारबा जमिनीवर होता.

"झालं?" काकू म्हणाल्या.

"झालं."

"परत लाव बघू."

परत लावलं. काकू पुढे वाकून बघत होत्या. गुडघा, कंबर, हात, तोंड, सगळं त्यांनीच केलेलं, एकेक हालचाल ठाऊक असलेली. तरी त्यांना त्यातलं काही नीट पकडता येईना. तोंड उघडलं असं वाटायच्या आत म्हातारबा खाली होता.

"परत."

चार-पाच वेळा झाल्यावर भिंगरीच कुरकुरली. "काहीतरी चुकलं माझं. हाक बसतच नाहीये यात, काकू. तोंड उघडतंय न उघडतंय तोवर हा पडतोय. आपण मधे थोडे फोटो वाढवू या का? जरा लांबवलं की एक हाक आरामात बसेल. उद्या करून टाकू."

काकू पडद्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांना ते पुसायचंही सुचत नव्हतं. भिंगरी घाबरली, उठून त्यांच्याजवळ आली.

"काकू, काय झालं? नको असेल तर काढून टाकू हा शॉट."

"नाही गं. अगदी बरोबर झालाय." काकूंनी तिचा हात धरला. "लांबवू नकोस. एवढाच वेळ असतो."