दोन ऐच्छिक लशी

रेबीजची सुई टोचून झाल्यावर डॉक्टरांनी हात धुतले, टॉवेलला पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "अजून दोन आहेत. ऑप्शनल. द्यायच्या की नाही ते तुम्ही ठरवा."

त्या वेळी आमची कुत्री माझ्या डोक्यावर चढण्याच्या प्रयत्नात होती. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. तिचे पुढचे दोन्ही पाय माझ्या खांद्यावर होते, मागच्या एका पायाने शर्टाचा खिसा उसवला होता, आणि माझी पँट कशाने ओली झाली आहे हे बाकावर बसलेल्या सगळ्यांना दिसत होतं. अशा अवस्थेतल्या माणसाला काही ठरवायला सांगू नये. तरी मी अदबीने विचारलं, आपला सल्ला काय? तर म्हणाले, एक लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरतो त्या आजाराची. दुसरी खोकल्याची, चार कुत्री एकत्र राहतात तिथे होतो त्याची. गरज असेल तर द्या, नसेल तर देऊ नका. एवढं तर आमच्या सोसायटीचा वॉचमनही सांगू शकला असता, पण त्याचा दवाखाना सदाशिव पेठेत नव्हता.

कुत्री मुळात आमची नव्हतीच. तो काळ असा होता की सकाळी शेजारच्या खुर्चीत बसून डबा उघडणारा माणूस पुढच्या आठवड्यात अमेरिकेत असायचा. त्याच्या मागे उरलेल्या वस्तू ऑफिसात वाटल्या जायच्या. कोणाला गॅसची शेगडी मिळाली, कोणाला गादी. मला कुत्री मिळाली. सहा महिन्यांचं ऑनसाइट आहे, तिकडे क्लायंटकडे बसून काम, आलो की घेऊन जातो, असं आमचा सहकारी म्हणाला होता. तो तिकडेच रुजला, आणि बिबवेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत ही काळी, लांब कानांची, फटाक्यांना न घाबरणारी पण स्पिरिटचा वास आला की अवसान गाळणारी बाई कायमची राहिली. लहानपणी दवाखान्यात तिच्यावर काय गुदरलं होतं ते आम्हाला माहीत नव्हतं. मालकाला मेलवर विचारलं, तर त्याने हसरा चेहरा पाठवला.

गंमत म्हणजे सुईचा राग तिने डॉक्टरांवर काढला नाही. सुई त्यांनी टोचली होती, पण धरलं मी होतं. एरवी मी कंपनीच्या बसने दमून आलो की ती माझ्या पावलावर हनुवटी टेकून झोपायची, आणि पाय बधिर झाला तरी मी हलत नसे. रेबीजच्या सुईनंतर मी एका खोलीत आलो की ती उठून दुसऱ्या खोलीत जायला लागली. दोनच खोल्या असल्यामुळे हा बहिष्कार फारच ठळक दिसायचा. बायकोच्या हातची पोळी खायची, माझ्या हातचं बिस्किट जमिनीवर ठेवून मी लांब गेलो की मग हुंगायची. एका सुईत ही गत, तर अजून दोन दिल्यावर ती मला ओळख दाखवेल का, हा माझा खरा प्रश्न होता. आणि नाही दिल्या आणि तिला काही झालं तर, हा त्याहून खरा.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर टेस्टर. लोकांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या आणि वर कळवायच्या, निर्णय वरच्यांनी घ्यायचा. इतकी वर्षं हे केल्यावर माणसाची निर्णय घेण्याची शीरच सुकत असावी. मी ऑफिसच्या पद्धतीने संगणकावर तक्ता मांडला. धोका, फायदा, त्रास, प्रत्येकाला गुण. बेरजेत लस जिंकली. मग मला वाटलं, त्रासाला मी गुण कमी दिले. ते वाढवले, तर लस हरली. असं दुपारभर मी तिला जिंकवत-हरवत बसलो. बायको मागून चहा घेऊन आली, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, तुम्हाला जे हवंय तेच ते यंत्र सांगतंय. फक्त तुम्हाला काय हवंय ते त्याला कळत नाहीये."

मी म्हटलं, मग तू ठरव. ती म्हणाली, धरायला मी येणार नाही, त्यामुळे ठरवणारही नाही. हा न्याय बिनतोड होता आणि म्हणूनच संतापजनक.

खोकल्याच्या लशीवर तर आमचं वेगळंच बिनसलं. ती लस कुत्र्याला कुठे ठेवून जायचं असेल तर लागते. कुत्री सांभाळणारी माणसं ती दिल्याशिवाय कुत्रं घेत नाहीत. बायकोने सरळ विचारलं, आपण कधी ठेवून जाणार आहोत? मी म्हटलं, समजा मला ऑनसाइट पाठवलं, तर तू येशीलच ना बरोबर. तिने पोळी लाटता लाटता लाटणं थांबवलं.

"तुम्हाला कोणी पाठवतंय का?"

"पाठवू शकतात."

"कोणी म्हणालंय?"

कोणी म्हणालं नव्हतं. माझ्यानंतर आलेली पोरं जाऊन परत आली होती आणि ऑफिसात चॉकलेटं वाटत होती. कुत्रीला खोकल्याची लस न देणं म्हणजे मी कुठेही जाणार नाही हे स्वतःच्या सहीने मान्य करणं. म्हणून तो मुद्दा मी 'विचाराधीन' ठेवला. बायको हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

मग मी मूळ मालकालाच गाठायचं ठरवलं. ऑफिसातून घाईत इंग्रजीत मेल लिहिला, कळकळीने: ती फार घाबरते, घाबरली की चावते, धरायला दोन माणसं लागतात, मला एकट्याला हे झेपत नाही, तिला सुई द्यावी की नाही, तूच काय ते सांग. पत्त्याची पहिली दोन अक्षरं टाइप केली, उरलेला पत्ता यंत्राने आपणहून भरला, मी पाठवून मोकळा. संध्याकाळी माझ्या मॅनेजरने मला काचेच्या खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि मऊ आवाजात विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. माझा मेल आमच्या अमेरिकन क्लायंटकडे गेला होता. त्यात कुत्री हा शब्द कुठेही नव्हता. क्लायंटने मॅनेजरलाही प्रत पाठवून सहानुभूतीने उत्तर दिलं होतं की हा अत्यंत खाजगी निर्णय आहे, काहीही ठरवलंस तरी मी तुझ्या पाठीशी आहे, वहिनींची काळजी घे. मॅनेजरला ती कुत्री आहे हे पटवून देताना मी जितका जोर लावला तितका त्याचा संशय वाढत गेला. ऑनसाइटचा विषय त्या दिवशी संपला असं समजायला हरकत नाही.

एवढं होऊनही ठरलं काहीच नव्हतं. डॉक्टर म्हणतात तुम्ही ठरवा, बायको म्हणते तुम्ही ठरवा, सातासमुद्रापलीकडचा क्लायंटसुद्धा म्हणतो तू ठरव. आणि जिच्या अंगात सुई जाणार ती पलंगाखालून माझ्याकडे बघत होती.

ठरवलं ते शेवटी समोरच्या इमारतीतल्या काकांमुळे. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, एकटे. त्यांचा पांढरा कुत्रा रोज सकाळी त्यांच्यापुढे चालायचा, आणि तो आमच्या पार्किंगमधल्या त्याच डबक्यातलं पाणी प्यायचा ज्यातलं आमची प्यायची. मागच्या कचराकुंडीतले उंदीर त्या डबक्याला वळसा घालत नसत. एका आठवड्यात काका नुसतेच फिरताना दिसले. मी चौकशी केली. कुत्र्याने खाणं सोडलं, डोळे पिवळे झाले, औषधांना दाद दिली नाही, असं त्यांनी कोरडेपणाने सांगितलं. मी काहीतरी पुटपुटलो आणि वर मूर्खासारखी माझी अडचण सांगितली, की आमची फार घाबरते हो, म्हणून ती ऐच्छिक लस द्यावी की नाही या विचारात आहे.

काका म्हणाले, "मला कोणी सांगितलंच नाही अशी लस असते. तुम्हाला सांगितलंय."

आणि रिकामा पट्टा हातात घेऊन पुढे गेले. मी घरी येऊन बायकोला म्हटलं, उंदरांची द्यायची, खोकल्याची नाही. आपण कुठे जात नाही आहोत. ती "बरं" म्हणाली.

आता ठरवलं म्हणजे काम झालं असं वाटावं, पण माझी खरी हुशारी इथूनच सुरू होते. आमच्या कुत्रीला जगात सगळ्यात प्रिय काय असेल तर स्कूटर. पुढे पाय ठेवायच्या जागेत ती बसायची, हँडलखालून तोंड बाहेर काढून, कान वाऱ्यावर. बिबवेवाडीचा उतार लागला की ती डोळे मिटायची. फक्त टिळक रस्त्यावरून दवाखान्याच्या गल्लीत वळलं की तिचं अंग दगड व्हायचं. मी विचार केला: भीती सुईची नाही, खोलीची आहे. तो वास, ते टेबल, ती फरशी. तर मग तिला खोलीत न्यायचंच कशाला? स्कूटर दारात उभी करायची, डॉक्टरांनी बाहेर यायचं, कुत्री आपल्या लाडक्या जागी बसलेली असतानाच काम उरकायचं. ही कल्पना मला इतकी आवडली की मी ती बायकोला सांगितली नाही. सांगितली असती तर तिने काहीतरी विचारलं असतं.

डॉक्टरांना फोन केला. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, मला काय, मी फूटपाथवरही देतो.

आणि खरंच दिली. गल्ली वेगळ्या बाजूने गाठली, गाडी चालू ठेवली, डॉक्टर सिरिंज पाठीमागे लपवून हवा खायला आल्यासारखे बाहेर आले, मी तिच्या तोंडापुढे पनीरचा तुकडा धरला. ती पनीर चघळत असतानाच टोचून झालं. एकदाच केकाटली. मी विजयी मुद्रेने म्हटलं, बघा, जमलं की नाही.

डॉक्टर म्हणाले, "जमलं. तीन आठवड्यांनी परत या."

"परत कशाला?"

"पहिल्यांदा देतो तेव्हा दोनदा द्यावी लागते. नाहीतर या एकीचा उपयोग नाही. नंतर मग दर वर्षी."

"अहो, हे आधी नाही का सांगायचं?"

"आधी तुम्ही द्यायची का नाही तेच ठरवत होतात."

मी मागे वळलो तर स्कूटर रिकामी. कुत्री पट्टा ताणून समोरच्या भिंतीला चिकटून उभी होती. मी सीटवर थोपटलं, तिला हाक मारली, उरलेलं पनीर पुढच्या जागेत ठेवलं. ती स्कूटरकडे अशी बघत होती जशी आजवर फक्त त्या टेबलाकडे बघायची. मी मूठ पिळली, इंजिनाचा आवाज वाढला आणि तिची तिथेच लघवी झाली.

तेव्हा मला उमगलं मी काय केलं होतं. दवाखाना तिला आधीच नको होता, तो नकोच राहिला. मी फक्त तिला जे एक हवं होतं त्यातही दवाखाना घुसवला.

सदाशिव पेठ ते बिबवेवाडी स्कूटर ढकलत येणाऱ्या माणसाला पुण्यात लोक सोडत नाहीत. एकाने पेट्रोल पंपाची दिशा दाखवली. दुसऱ्याने, कुत्र्याला बसवा गाडीवर आणि तुम्ही ढकला, असं सुचवलं. चढावर एक आजोबा थांबून म्हणाले की इतकं प्रेम असेल तर गाडी विकून टाका. घरी बायकोने दार उघडलं, दोघांचे चेहरे बघितले आणि मला बाजूला सारून आधी तिला पाणी दिलं. मग सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली की मला विचारायचं होतंत.

तीन आठवडे मी चरफडण्यात घालवले. डॉक्टरांवर, स्वतःवर, त्या डबक्यावर, अमेरिकेतल्या त्या हसऱ्या चेहऱ्यावर. दुसरी सुई टाळावी असंही मनात येऊन गेलं. पण मग पहिलीचा सगळा छळ फुकट जाणार होता. डॉक्टरांना फोन करून विचारलं, घरी येऊन द्याल का? येईन की, म्हणाले, पण स्कूटरचं काय झालं ते लक्षात घ्या. घरात दिली तर घर. मी फोन ठेवला.

शेवटी मी काहीही हुशारी न करता तिला चालत नेलं. एवढं लांब, उन्हात, पट्टा धरून. दारातून आत गेलो. ती थरथरली, ओरडली, सुई लागण्याच्या आधीच किंचाळली, माझ्या खांद्यावर चढली. मी धरलं. डॉक्टर "झालं" म्हणाले, तेव्हा ती अजून ओरडतच होती.

परत येताना ती पट्टा ताणून माझ्यापुढे चालली होती. एकदाही मागे बघितलं नाही. हाक मारली तर कान हलायचे, मान नाही. स्वारगेटच्या चौकात आम्ही रस्ता ओलांडायला थांबलो आणि एका एसटीने अगदी कडेला येऊन ब्रेक मारला. ब्रेकमधल्या हवेचा तो भयंकर सुस्कारा सुटला तशी ती मागे सरकली, सरकत सरकत माझ्या दोन पायांच्या मधे घुसली आणि पाठ घट्ट टेकून उभी राहिली. विश्वास वगैरे काही नव्हता त्यात. तिथे दुसरं ओळखीचं कोणी नव्हतं, इतकंच. मी खाली वाकलो नाही, हात लावला नाही, पायही हलवला नाही. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

रस्ता मोकळा झाला तशी ती माझ्या पायांमधून निघाली आणि पुन्हा पट्टा ताणून पुढे चालू लागली.