पगारातून कापलेला वकील

साहेबांनी माझं रडणं स्पीकरवर लावलं. दुबईत, जबल अलीच्या गोडाऊनमध्ये, सकाळच्या हजेरीला. सगळी शिफ्ट रांगेत उभी. त्यांनी मोबाईल माइकला धरला आणि माझाच आवाज पत्र्याखाली घुमला, "ताई, आई हॉस्पिटलात आहे. पासपोर्ट साहेबांनी ठेवलाय. मला घरी जायचंय." मग माझे हुंदके. काहीजण हसले. काही खाली बघत राहिले. त्यांचाही राग आला मला.

साहेब पुण्याचे. एचआर मॅनेजर. गणपतीत आम्हाला मोदक वाटणारे.

वकिलाचं कार्ड त्यांनीच आणलं होतं. दर महिन्याला पगारातून दहा दिरहम कापायचे, म्हणजे अडीचशेच्या आसपास रुपये. अडचण आली की फोन करायचा, वकील सल्ला देणार. एरवी इथल्या वकिलाच्या दारातच आमचा पगार संपतो. म्हणून मी ते कार्ड जिवापाड जपलं. आई हॉस्पिटलात गेली तेव्हा ते काढलं.

फोन लावला. हिंदीत सुरुवात केली. पलीकडून वकीलबाई म्हणाली, "मराठी का? मग बोला की मराठीत." मी विरघळलो. परमुलखात मराठी कानावर पडलं की आम्ही लगेच ताई म्हणतो आणि पोटातलं सगळं सांगून मोकळे होतो. तिनं गाव विचारलं. सांगितलं. मग म्हणाली, "गावात कुठली वाडी?"

कोकणात वाडी विचारली म्हणजे जात विचारली. हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. तरी सांगितलं. बौद्धवाडी. "बरं, बघते," म्हणाली आणि फोन ठेवला. मग तिनं आमच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग साहेबांना पाठवलं. पैसे माझे कापले जात होते, पण वकील कंपनीची होती. हे मला त्या रांगेत कळलं.

वाडीपाशी साहेबांनी रेकॉर्डिंग थांबवलं. तेवढंच पुन्हा लावलं. म्हणाले, "ऐकलंत? वाडीतली सवय. जरा काही झालं की रडायचं. चल, माइकवर माफी माग. मग पासपोर्टचं बघू, इन्शाल्ला."

माइक तोंडाशी आला. आई डोळ्यांपुढे होती. एकदा सॉरी म्हटलं असतं तर कदाचित विमानात बसलो असतो. लाज वाटत होती, भीतीही. पण मस्तक फिरलं होतं. मी माइकमध्ये म्हणालो, "बौद्धवाडीचाच आहे मी. पासपोर्ट माझा आहे. द्या."

आता कुणी हसलं नाही. साहेब म्हणाले, "खलास. याला गेटबाहेर काढा."

गेटबाहेर उन्हात उभा राहून सरकारी कामगार खात्याला फोन लावला. तिथल्या माणसानं नाव विचारलं, कंपनी विचारली, वाडी विचारली नाही. म्हणाला, "किसी का पासपोर्ट रखना मना है. रिकॉर्डिंग सबको सुनाना भी जुर्म है, उसके लिए पुलिस में जाना. कंप्लेंट करोगे?"

"दोनों करूंगा," म्हणालो. केल्या.

संध्याकाळी साहेबांचा निरोप आला. रेकॉर्डिंगची तक्रार मागे घे, पासपोर्ट आणि तिकीट दोन्ही देतो. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "माफ कर त्याला नि ये बाबा." आईचा शब्द मी कधी मोडला नव्हता. तो मोडला.

तक्रार मागे घेणार नाही. मला उशीर होईल, कदाचित फार उशीर होईल. झाला तर त्याचाही जाब मी साहेबांनाच विचारणार आहे.