पळणारं अक्षर

दुपारी मशीनवर लग्नाचा फ्लेक्स निघत होता, तेवढ्यात सुनीताचा फोन आला. "काका, बाबा सकाळी डोहावर गेलेत, अजून आले नाय..." तिचे वडील, दत्तू पेंटर, माझे जुने मित्र; मी त्यांना दादा म्हणायचो. डोह म्हटल्याबरोबर मी मशीन तसंच सोडून निघालो. संध्याकाळी ते सापडले, बरंच खाली, खडकांच्या बेचक्यात. त्याला आता दीड महिना झाला.

चौकात जुन्या हायवेला लागून त्यांचं दुकान. टेंपोच्या फळ्या, गॅरेजच्या नि ढाब्यांच्या पाट्या ते रंगवायचे. त्यांचं स्वतःचं एक अक्षर होतं. जाड, दाटीवाटीचं, उजवीकडे झुकलेलं. गोलाईला त्यात जागाच नव्हती. 'ठ'सुद्धा कोपरे पाडून काढायचे. अरुंद फळीवर लांबलचक नाव मावायचं आणि उभा टेंपोही निघाल्यासारखा दिसायचा. "अक्षर पळालं पायजे रं," म्हणायचे. पुढे फ्लेक्स आले, त्यांचं काम आटलं. मी फ्लेक्सवाला, पण त्यांनी राग धरला नाही. उलट एका उन्हाळ्यात माझ्याकडे बसून सगळी अक्षरं कागदावर काढून दिली आणि मी त्यांचा फॉन्ट केला. मग कबड्डीच्या जर्सीपासून वाढदिवसाच्या बॅनरपर्यंत जिथे तिथे तेच अक्षर.

मग गावकऱ्यांनी डोंगराखालच्या डोहावर लावायला फलक मागितला. पत्रा अरुंद, मजकूर लांब: 'थांबा. पुढे पाणी खोल आहे.' मी त्याच अक्षरात छापला, बसत होता म्हणून. दादा बघायला आले.

"काढ तो."

"का हो?"

"पळतंय रं हे. पळणारं अक्षर थांबा कसं सांगंल?"

मी हसलो. रुबाबदार दिसतोय, म्हणालो. फिरायला आलेली मुलं फलकाला टेकून फोटो काढायची, त्याचंही मला कौतुकच वाटलं. त्याच पावसाळ्यात त्यांच्यातला एक जण फोटो काढून पाण्यात उतरला, तो वर आलाच नाही. त्याच्या मित्राने तो फोटो आम्हाला दाखवला. हसरा चेहरा, आणि मागे दादांचं अक्षर.

चूक माझी होती, पण दादांनी ती स्वतःवर घेतली. दुसऱ्या दिवशी फलक उपटला आणि हाताने नवा रंगवला. ताठ, सुटी, बोजड अक्षरं. खाली सही केली नाही. तेव्हापासून पावसाळ्यात दर रविवारी तिथे जाऊन बसायला लागले. "फलक आहे ना तिथे," मी म्हणायचो. "अक्षरावर माजा भरोसा नाय ऱ्हायला," एवढंच उत्तर. यंदा लोंढ्याने खांब हलला. तो नीट रोवायला, सुनीताचा फोन आला त्याच्या आदल्या दिवशी, त्यांनी मला सोबत बोलावलं होतं. मी म्हणालो, ऑर्डर आहे दादा, परवा जाऊ...

ते एकटेच गेले.

आता रविवारी मी जातो. मागच्या खेपेला डोंगरावर ढग काळवंडले होते, पाण्याचा आवाज वाढत चालला होता. चौघं जण आले. फलक वाचला आणि तरीही बूट काढायला लागले. एकाने विचारलं, "काका, खरंच एवढं खोल हाय?"

सांगायचं बरंच काही होतं.

"माझा मित्र गेला इथे," मी म्हणालो.

चौघांनीही पाण्याकडे बघितलं. मग एकाने खाली बसून पुन्हा बुटाची नाडी बांधायला घेतली.