काकांनी आवळलेले नट

"पोरीला कशाला एवढा लांब पाना? मी हाय की!" शुक्रवार पेठेतल्या दुकानात माझ्यासोबत आलेले शेजारचे काका दुकानदाराला म्हणाले. मी तोच घेतला. सोमवारपासून नोकरीसाठी मोहोळला एकटीच गाडी नेणार होते.

गल्लीत कुणीही चाक बदललं, की काका हजर. पान्यावर दोन्ही पायांनी उभे राहून झुलतात, मग चाक थोपटून म्हणतात, "आता कुणाच्या बापाला सुटत न्हाय!" खरंच सुटत नाही. त्यांनी कधी निखळलेलं चाक पाहिलंय का, हे विचारावंसं वाटतं. धीर होत नाही.

घरी सरावासाठी मी चाक बदललं, सगळे नट स्वतः आवळले. काकांनी हसत पान्यावर पाय ठेवला.

"काका, थांबा," मी म्हणाले. "वाटेत पंक्चर झालं, तर ते मलाच सोडवायचे आहेत."