विमानाची पेटी

माझे बाबा एका विमान कंपनीच्या स्टोअरमध्ये कारकून होते. विमानातल्या प्रथमोपचाराच्या पेट्या भरणं हे त्यांचं काम. कापूस, बँडेजं, आयोडीन, भाजल्यावरचं मलम, कात्री, सगळं यादीप्रमाणे लावायचं, तारेला शिशाचं सील ठोकायचं आणि सही करायची. सीलबंद पेटीशिवाय विमान उडत नसे, आणि हे बाबा अशा थाटात सांगत की जणू विमान तेच उडवतात! घरी मात्र आमचे गुडघे फुटले तरी ऑफिसातल्या कापसाचा बोळा दृष्टीस पडायचा नाही. मला अस्सा राग यायचा त्यांचा.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी हरताळ, बसगाड्या बंद. म्हणून सकाळच्या विमानाची पेटी बाबांनी फोर्टातल्या ऑफिसात भरली, सील केली आणि गिरगावात घरी आणली. पहाटे सायकलवरून सांताक्रूझला न्यायची होती. कपाटावर ठेवत म्हणाले, "हिला कुणी हात लावाल तर याद राखा."

संध्याकाळी नाक्यावर लाठीमार झाला. शेजारच्या खोलीतल्या खाणावळवाल्या काकू मोर्चाला गेल्या होत्या. मोर्चातल्या दोघींनी धरून त्यांना वर आणलं तेव्हा कपाळावरून रक्ताची धार लागली होती. डॉक्टरांचा दवाखाना पोलिसांच्या पलीकडे. आईने पंचा दाबून धरला, तोही भिजला. बाबा कपाटाकडे बघत नुसते उभे.

"बाबा, फोडा ना ती मेली पेटी!" मी ओरडलेच.

"नोकरी जाईल गं," ते म्हणाले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आईने अडकित्ता पुढे केला. बाबांनी तार तोडली.

आणि तेव्हा कळलं, बाबांना बँडेज बांधताच येत नव्हतं! एवढी वर्षं पेट्या भरल्या, पण बांधायची वेळ कधी आलीच नव्हती. मग पेटीतला इंग्रजी कागद काढून ते मराठी करून वाचू लागले आणि आई बांधू लागली. "जखमेवर कापड घट्ट दाबावं. प्रवाशाला धीर द्यावा. वैमानिकाला कळवावं."

"कळवा मेल्याला!" काकू डोळे मिटूनच म्हणाल्या. सगळे हसले, मी तर रडत रडत हसले. रक्त थांबलं.

पहाटे आई म्हणाली, "पेटी पडली, तार तुटली म्हणून सांगा." बाबांनी ऐकलं नाही. पेटी कोणासाठी उघडली, असा रजिस्टरात एक रकाना असे. सांताक्रूझला पोचल्यावर त्यात त्यांनी लिहिलं, 'शेजारीण. डोक्याला मार.' दुसरी पेटी येईपर्यंत विमान खोळंबलं. नोकरी राहिली, पण सीलचं काम काढून घेऊन त्यांना ब्लँकेटं मोजायला बसवलं.

घरी आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवायला उठेनात. मीच फोडायला लावली पेटी, म्हणून मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. तेवढ्यात काकू ताट घेऊन दारात उभ्या. "भावोजी, उठता की सोडू हे बँडेज?"

बाबा ताडकन उठले. "खुळ्या की काय तुम्ही!" त्यांनी काकूंना खुर्चीवर बसवलं, गाठ चाचपली. सैल वाटली तशी स्वतःच्या हातांनी पुन्हा बांधली. वाकडीतिकडी, पण घट्ट. मग ताट पुढे ओढलं.